सतरा नंबरचा कांदा

१

टेबलावर एक लॅपटॉप होता, एक यंत्र, दोन चार्जर, एक मल्टिप्लग, चौपन्न माहितीपत्रकं, तेजूताईचा जेवणाचा डबा आणि चोवीस खणांच्या ट्रेमध्ये तेवीस कांदे.

मी पुन्हा मोजले. तेवीसच. तिसऱ्या ओळीतला पाचवा खण रिकामा होता.

लॅपटॉप उघडा पडला होता. यंत्र कुणाच्याही पिशवीत मावेल एवढं होतं. डब्यातल्या दशम्यांनाही कुणी हात लावला नव्हता. चोरानं एवढ्यातून एकच गोष्ट उचलली होती. एक कांदा, आणि तोही सडका.

आता त्या कांद्याविषयी. तेजूताई म्हणजे तेजस्विनी, मूळची कळवण तालुक्यातली, शिकून इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर झालेली. सातपूरच्या एका शेडमध्ये तिनं कांद्याचा वास घेणारं यंत्र बनवलं. नळी कांद्याजवळ धरली की पडद्यावर आकडा येतो. शंभराच्या खाली असला तर कांदा चांगला, वर गेला तर आतून सडायला लागलेला. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून आठ महिन्यांपूर्वी तिच्याकडे लागले. माझं काम चाचण्या घेणं आणि नोंदी ठेवणं.

ट्रेमधले तेवीस कांदे चांगले होते. सतरा नंबरचा आतून सडलेला होता, पण वरून असा लालबुंद, चकचकीत की बाजारात पहिला तोच उचलला असता. असा कांदा सहज मिळत नाही. चारशे कांदे तपासले तेव्हा आम्हाला हा एक सापडला होता.

त्र्यंबक रस्त्यावरच्या हॉटेलात भरलेल्या तंत्रज्ञान परिषदेचा तो दुसरा आणि शेवटचा दिवस. दुपारी चार वाजता आम्ही वाल्मीकआप्पांना यंत्र चालवून दाखवणार होतो. आप्पा कळवणकडच्या शेतकरी कंपनीचे अध्यक्ष, आणि कंपनीच्या चाळीस कांदाचाळी, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर कोठारं. एप्रिल सुरू होता, चाळी भरत आल्या होत्या. आज आप्पा हो म्हणाले तर यंत्र यंदाच्या चाळीत जाणार होतं, नाहीतर थेट पुढच्या एप्रिलमध्ये. पण तोवर शेड टिकणार नव्हती. पुण्याच्या एका कंपनीनं तेजूताईला नोकरी देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं.

"भाग्यश्री," रिकाम्या खणाकडे बघत तेजूताई म्हणाली, "स्टॉलवर कोण होतं?"

बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी खरं ते सांगितलं.

"कुणीच नव्हतं."

२

स्टॉल सांभाळायचा होता मी. तेजूताई माहितीपत्रकं वाटायला खालच्या मजल्यावर गेली होती. साडेअकराला मी "दहाच मिनिटं" म्हणून हॉलमध्ये शिरले, कारण अकरा चाळीसला बेंगळुरूच्या दिशा मॅडमचं व्याख्यान होतं आणि पुढची खुर्ची हवी होती. बाहेर आले तेव्हा बारा वीस झाले होते.

परिषदेला जायचं म्हणजे व्याख्यानं ऐकायची, अशी माझी समजूत होती. पहिल्या दिवशी मी नऊ ऐकली आणि एकतीस पानं लिहिली. त्या दिवसात मी दोन माणसांशी बोलले. त्यातल्या एकानं स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं होतं.

"अगं वेडे," तेजूताई सकाळीच म्हणाली होती, "भाषणं सगळी यूट्यूबवर येतात. माणसं येतात का यूट्यूबवर?"

आता मात्र तिनं डबा उघडला, एक दशमी मला दिली, एक स्वतः घेतली. "आधी खा. मग शोध. तू शोधशील."

तिनं ओरडायला हवं होतं. न ओरडल्यानं मला जास्त वाईट वाटलं.

मी वही उघडली. व्याख्यानाची चार पानं होती. मी सगळंच लिहिते. एसी बावीसवर. हॉलमधल्या एकशे दहा खुर्च्या भरलेल्या, मागे नऊ जण उभे. वक्त्या तीन मिनिटं उशिरा आल्या, माइक घेण्याआधी रुमालानं दोनदा हात पुसले. पहिल्या स्लाइडवर अक्षरं फार बारीक. यातलं काय कामाचं?

मग मी ट्रे नीट पाहिला आणि दोन गोष्टी दिसल्या.

तेजूताई कांदे लावते तेव्हा सगळ्यांच्या माना, म्हणजे देठाकडची टोकं, डावीकडे असतात. खणांचे नंबर ट्रेच्या खाली चिकटवलेले, वरून दिसत नाहीत. आता पहिल्या दोन ओळींतल्या बारा कांद्यांच्या माना वर झाल्या होत्या. तिसऱ्या ओळीतल्या उरलेल्या पाचांच्या आणि चौथीतल्या पहिल्या दोघांच्याही. शेवटचे चार कांदे मात्र सकाळसारखेच डावीकडे मान करून होते.

दुसरी गोष्ट यंत्रात होती. नळी ट्रेच्या काठावर ठेवलेली असली तरी यंत्र दर मिनिटाला आकडा नोंदवतं. सकाळपासून आकडा अठ्ठावन्नच्या आसपास. अकरा सदतीसला तो अचानक एकशे बारा झाला. अकरा अडतीसपासून एकतीस.

"अकरा सदतीसला कुणीतरी सतरा नंबरचा दाबला," मी म्हणाले. "वास भसकन बाहेर आला. मिनिटभरात कांदा गेला."

"आणि त्या वेळी इथे कोण होतं?"

शेजारच्या स्टॉलवरून कुणीतरी खाकरलं. रोहित होता तो.

३

रोहित कॅमेऱ्यानं कांद्याची प्रतवारी करायचं यंत्र विकतो. आकार, रंग, डाग, सगळं त्याचा कॅमेरा बघतो. फक्त आतलं त्याला दिसत नाही. आप्पांची वेळ त्यानंही मागितली होती, पण त्याला मिळाली नव्हती.

"काय तेजस्विनी मॅडम," त्यानं विचारलं, "सतरा नंबर पळाला म्हणे?"

मी वळले. "सतरा नंबर तुला कसा माहीत?"

"सकाळी तुम्हीच ओरडत होतात की! सतराला धक्का लावू नको, सतराला ऊन लावू नको. मला वाटलं कुणाचं बाळ आहे."

"अकरा सदतीसला कुठे होतास?"

"इथेच. स्क्रू शोधत होतो टेबलाखाली." तो हसला. "अगं, मला चोरायचं असतं तर यंत्र चोरलं असतं. सडका कांदा घेऊन मी काय करू, पोहे?"

उत्तर बरोबर होतं म्हणून मला राग आला. पण ट्रेकडे पुन्हा बघितल्यावर तो निवळला. रोहितला नंबर ठाऊक होता. तो थेट तिसऱ्या ओळीच्या पाचव्या खणाकडे गेला असता. इथे तर हात पहिल्या खणापासून क्रमानं फिरला होता.

"टेबलाखाली असताना काही ऐकलंस?"

"एक बाई फोनवर होती. खांबाच्या पलीकडे, तुमच्या टेबलाशी. फाडफाड इंग्रजी झाडत होती कुणाला तरी. सर्व्हर बंद पडलाय, अमकं करा, तमकं करा. दिसली नाही. चपला दिसल्या. काळ्या."

परिषदेतली निम्मी माणसं फोनवर इंग्रजी झाडत होती आणि उरलेल्यांचे बूट काळे होते. मी तरीही लिहून घेतलं.

"माझा एक सल्ला घे," रोहित म्हणाला. "कचरापेटी बघितलीस का?"

खांबाजवळची कचरापेटी मी उघडली. आत नवी कोरी काळी पिशवी होती.

४

पिशवी बदलली होती ललिताताईंनी. त्या हॉटेलच्या सफाईचं काम बघतात. जिन्याखाली चहा पीत बसल्या होत्या.

"कांदा?" त्या म्हणाल्या. "होता ना! बाराला पेटी काढली तेव्हा सगळ्यात वर होता. मी म्हटलं, काय लोक आहेत, एवढा चांगला कांदा फेकतात. उचलला."

"मग? आहे तुमच्याकडे?"

"छे! मान दाबून बघितली, तर पचकन आत. आमची मखमलाबादला वाडी आहे ताई, मला काय कळत नाही का? परत टाकला."

"आणि पिशवी?"

"घंटागाडी येऊन गेली की सव्वाबाराला."

म्हणजे सतरा नंबर आता गाणं वाजवत गावभर फिरत होता. पण ललिताताईंनी मला मोलाची गोष्ट सांगितली होती. कांदा कुणी पळवला नव्हता, टाकला होता. आणि तो टाकण्यासारखा आहे हे कळायला यंत्र लागत नाही. मान दाबली की पुरे.

"पेटीजवळ कुणाला बघितलंत का?"

"मी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर होते." त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "तुम्ही पोरी सडक्या कांद्यासाठी रडताय, हे घरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही माझ्यावर."

वर आले तर तेजूताईचा चेहरा पडला होता. तिच्यासमोर पांढरी टोपी घातलेला उंच माणूस उभा होता. वाल्मीकआप्पा तीन तास आधीच आले होते.

५

"साडेअकरापासून द्वारकेच्या चौकात तासभर अडकलो, नायतर बारालाच येनार होतो," आप्पा म्हणाले. "म्हटलं जेवन बी इथंच करू. काय गं तेजे, बाप बरा हाय ना?"

"बरे आहेत आप्पा. चाळ भरायला लागलेत."

"भरायलाच पायजे. यंदा ऊन लय हाय."

आप्पा बोलत होते आणि मी त्यांच्या हाताकडे बघत होते. डोळे तेजूताईवर, बोलणं उन्हाबद्दल, आणि उजवा हात आपोआप ट्रेमध्ये गेलेला. एकविसावा कांदा उचलला, मान वर केली, अंगठ्यानं दाबली, परत ठेवला. बाविसावा. तेविसावा. चोविसावाही झाला आणि हात पुढचा कांदा शोधत टेबलावर चाचपू लागला.

"आप्पा," मी विचारलं, "तुम्ही काय करताय?"

"मी? काय करतोय?" त्यांनी खाली पाहिलं आणि हसले. "सवय हाय पोरी. कांद्याच्या ढिगापाशी हात रिकामा ठिवायचाच नाय. आमच्यात पाच वर्षाचं पोरगं बी गप्पा मारता मारता सडका बाजूला काढतंय. सांगावं लागत नाय."

ट्रेमधल्या तेवीसही कांद्यांच्या माना आता वर होत्या. आप्पांनी हात लावलेले चार आणि सकाळी कुणीतरी हात लावलेले एकोणीस यांत मला काहीच फरक दिसेना.

मला आता चोर दिसू लागला. त्याला सडका कांदा हवा असता तर तो सतराव्याला थांबला असता. पण त्यानं पुढचे तीनही दाबून बघितले. म्हणजे तो शोधत नव्हता, निवडत होता. हाताला ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं. आणि विसावा झाल्यावर त्याला कुणीतरी बोलावलं, नाहीतर चोवीस पुरे झाले असते.

आप्पा अकरा अडतीसला द्वारकेच्या चौकात होते. मग या इमारतीत कांद्याच्या ढिगापाशी वाढलेलं दुसरं कोण होतं?

हे शोधायला एकच मार्ग होता, आणि तो मला सगळ्यात अवघड होता. अनोळखी माणसांशी बोलणं.

६

जेवणाच्या रांगेत मी ताट न घेता उभी राहिले. परिषदेत लोक एकमेकांना विचारतात, "कुठल्या कंपनीत?" उत्तर येतं, कार्ड येतं, माणूस पुढे सरकतो. मी विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

पहिला माणूस दचकला. मग म्हणाला, "सटाणा," आणि सात मिनिटं थांबला नाही. त्याचा भाऊ सर्किट बोर्ड बनवतो. आमच्या यंत्राचा बोर्ड दमट हवेत बिघडतो हे मी सांगितल्यावर तो म्हणाला, "लेप द्यायचा त्याला! भावाला फोन लावू का?" आणि लावलाच.

दुसऱ्या बाई येवल्याच्या होत्या. सध्या प्राध्यापक, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत वायू मोजायचं मोठं यंत्र पडून आहे. तिसरे सिन्नरचे, त्यांना फक्त गुलाबजाम कुठे मिळतायत ते हवं होतं. चौथा, पाचवा. प्रत्येकाच्या कार्डामागे मी दोन ओळी लिहिल्या, कारण अकरा कार्डं झाल्यावर कोण कुठला ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

अकरा माणसं झाली. त्यांतली तिघं कांद्याच्या घरातली. मी तिघांनाही विचारलं, अकरा अडतीसला कुठे होतात? तिघांचं उत्तर एकच.

"हॉलमध्ये. दिशा मॅडमच्या व्याख्यानाला."

सगळेच हॉलमध्ये होते. मीही होते. एकशे दहा खुर्च्या, नऊ उभे. मी वही काढली आणि चार पानं पुन्हा वाचली. या वेळी 'वक्त्या तीन मिनिटं उशिरा आल्या' या ओळीवर थांबले.

अकरा अडतीसला हॉलमधला प्रत्येक माणूस एकाच व्यक्तीची वाट बघत होता.

७

दिशा मॅडमभोवती सहा जण उभे होते. काळा ब्लेझर, काळ्या चपला, हातात ताट. सहाही जण त्यांना सर्व्हरबद्दल विचारत होते आणि जेवण गार होत होतं. मी सातवी.

"मॅडम, तुमचं गाव कोणतं?"

"बेंगळुरू."

"त्याच्या आधीचं?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "उमराणे. देवळा तालुका. का गं?"

"घरी चाळ आहे?"

"तीन आहेत." त्या हसल्या. "अख्खी सुट्टी चाळीतच जायची आमची. पण हे तू का विचारतेयस?"

"अकरा पस्तीस ते एक्केचाळीस तुम्ही खांबाजवळ फोनवर बोलत होतात का? एका स्टॉलपाशी?"

"हो. आमचा एक सर्व्हर..." त्या थांबल्या. "तिथे कांदे ठेवले होते कुणीतरी. मला आठवतंय, म्हटलं परिषदेत कांदे कसे? मग मला आत बोलावलं, आणि..."

"आणि माइक घेण्याआधी तुम्ही हात पुसलेत. दोनदा."

दिशा मॅडमनी उजवा अंगठा नाकाजवळ नेला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. बेंगळुरू एका क्षणात गळून पडलं. "सडका होता म्हणून टाकला मी! कधी टाकला ते कळलंसुद्धा नाही. तुमचा होता तो? मुद्दाम ठेवलेला?"

"चारशेतून एक शोधलेला. चार वाजता दाखवायचा होता."

आजूबाजूचे सहा जण एकदम हसले. दिशा मॅडमही हसल्या, आणि मग हसता हसता त्यांनी कपाळाला हात लावला.

"चार वाजता? आता किती वाजले?"

दोन वाजून पाच मिनिटं.

"चल," ताट ठेवत त्या म्हणाल्या. "हॉटेलात कांद्याची गोणी नसेल असं होईल का?"

८

ललिताताईंनी मला, दिशा मॅडमना आणि तेजूताईला स्वयंपाकघरात नेलं. दिशा मॅडमनी ब्लेझर काढून तेजूताईच्या हातात दिला आणि गोणीपुढे मांडी घातली. आचारी झारा हातात धरून बघत राहिला.

"थांबा," मी म्हणाले.

"आता काय?" तेजूताई वैतागली. "एक सडका मिळू दे, सतराव्या खणात ठेवू, झालं."

"आपणच ठेवलेला कांदा आपणच ओळखायचा? आप्पांना त्यातून काय कळणार? आपल्याला उत्तर आधीच माहीत असतं." मी भीत भीत पुढे गेले. "कांदे आप्पांनीच निवडावेत, याच गोणीतून. आधी मॅडमचा अंगठा, मग यंत्र. मग सुरी."

"आणि यंत्र चुकलं तर?"

"तर चुकलं."

तेजूताई गोणीकडे बघत उभी राहिली. तिच्या हातातला ब्लेझर तिनं दोनदा घडी केला, दोनदा उलगडला. सोमवारचं उत्तर तिच्या डोक्यात होतं, हे मला दिसत होतं.

"मॅडम," शेवटी ती म्हणाली, "तुमचा अंगठा कितपत चांगला आहे?"

"घरात दुसरा नंबर होता," दिशा मॅडम म्हणाल्या. "पहिली माझी बहीण."

चार वाजता आमच्या स्टॉलसमोर मी मोजलेली त्र्याहत्तर माणसं होती. सकाळी झालेला प्रकार जेवणाच्या रांगेतून सगळीकडे पोचला होता. मागच्यांना दिसावं म्हणून रोहितनं आपला कॅमेरा मोठ्या पडद्याला जोडून दिला. "फुकट दाखवतोय," तो म्हणाला, "सवय लावून घेऊ नका."

आप्पांनी गोणी तळापासून उपसून बारा कांदे काढले, मुद्दाम दमट कोपऱ्यातले. मी त्यांना नंबर दिले. दिशा मॅडमनी डोळे मिटून एकेक दाबला आणि सडक्यांचे नंबर कागदावर लिहिले. मग तेजूताईनं नळी लावली. यंत्राचे आकडे मी दुसऱ्या कागदावर लिहिले. आचाऱ्यानं सुरी पुसली.

पहिला कापला, चांगला. दुसरा, तिसरा चांगले. चौथा आतून काळपट. दोन्ही कागदांवर चार होता. टाळ्या पडल्या. पाचवा चांगला. सहाव्याला यंत्र सडका म्हणालं होतं. सुरी फिरली, कांदा पांढराशुभ्र.

"सहा चुकला, आप्पा," तेजूताई म्हणाली.

"दिसतंय मला. पुढं कापा."

सातवा, आठवा चांगले. नववा सडका, दोघांनी ओळखला. दहावा चांगला. अकरावा यंत्राच्या कागदावर होता, अंगठ्याच्या नव्हता. आचाऱ्यानं तो उभा चिरला. वरचा अर्धा स्वच्छ होता, बुडाशी तपकिरी चिखल. बारावा चांगला.

"बारापैकी अकरा," मी वाचलं. "दोघंही."

लोक ओरडू लागले. कुणी अंगठ्याच्या बाजूनं, कुणी यंत्राच्या. आप्पांनी हात वर केला.

"पोरी, अकरावा का हुकला तुझा?"

"मान घट्ट होती, आप्पा," दिशा मॅडम म्हणाल्या. "बुडाकडून सडलाय हा."

"आन अंगठा मानंलाच लागतो." आप्पांनी तो चिरलेला कांदा उचलून उजेडात धरला. "आमी पन हेच करतो. वरचा थर दाबतो, सडका काढतो. ढिगाच्या पोटात हात जातोय का कुनाचा? नाय जात. तिथं सडतंय आन आमाला कळतंय ते पानी गळायला लागल्यावर. तेजे, तुजी नळी पोटात जाईल?"

"जाईल, आप्पा. चाळ भरतानाच आत पाइप सोडायचे, आठ. ज्या पाइपाचा आकडा चढेल तेवढाच कोपरा उपसायचा."

"मग बोलत काय बसलीस? मंगळवारी भरतोय आमी. दोन चाळी हायत, शेजारी शेजारी, सारख्या मापाच्या, एकाच शेतातला माल. एकीत तुजी नळी, एकीत आमचा अंगठा. दसऱ्याच्या आधी काट्यावर घालू."

तेजूताईनं मान डोलावली आणि पुण्याच्या कंपनीला सोमवारचं उत्तर तिथेच, सगळ्यांसमोर, मोबाइलवर टाइप केलं. तीन शब्दांचं होतं. दिशा मॅडमनी ते वाचलं आणि तिला मिठी मारली. दोघींच्या हातांना कांद्याचा वास येत होता, असं रोहित नंतर म्हणाला. "आणि डोळ्यांत पाणी," तो म्हणाला, "अर्थात कांद्यामुळेच."

९

मंगळवारी आम्ही कळवणला जाऊन पाइप बसवले. सटाण्याच्या माणसाच्या भावानं बोर्डाला लेप दिला. येवल्याच्या प्राध्यापक बाईंनी त्यांच्या यंत्रावर आमचे आकडे पडताळून दिले आणि सहाव्या कांद्याची चूक का झाली ते शोधून काढलं. चाळीतून निरोप फोनवर कसे पाठवायचे ते दिशा मॅडमनी बेंगळुरूहून दोन रविवार बसून शिकवलं. जेवणाच्या रांगेतल्या अकरांपैकी सात जणांशी माझं अजून बोलणं होतं. परिषदेतल्या व्याख्यानांचे व्हिडिओ जूनमध्ये आले. मी त्यांतले दोन पाहिले.

पावसाळ्यात यंत्राच्या चाळीत पाइपांचे आकडे नऊ वेळा चढले. नऊही वेळा आप्पांच्या माणसांनी तेवढाच कोपरा उपसला. दुसऱ्या चाळीत दर पंधरा दिवसांनी नेहमीसारखा वरचा थर निवडला.

सव्वीस सप्टेंबरला दोन्ही चाळी रिकाम्या करून माल काट्यावर घातला. वजनं आप्पांनी वाचली, मी लिहिली, दिशा मॅडम फोनवर ऐकत होत्या.

एप्रिलमध्ये भरलेला कांदा, प्रत्येक चाळीत: एकशे वीस क्विंटल.

अंगठ्याच्या चाळीतून निघालेला चांगला कांदा: त्र्याऐंशी क्विंटल चाळीस किलो.

यंत्राच्या चाळीतून निघालेला चांगला कांदा: सत्त्याण्णव क्विंटल पंधरा किलो.